थंडी नेमकी कधी पळाली? होळी, पाडवा आणि जुन्यांची सैल गाठ



शिमगा जवळ आला की पारावर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "होळी जळाली, थंडी पळाली." म्हातारी माणसं ते ठाम बोलतात. नव्या शिकलेल्या पोरांना हसू येतं. ती मोबाईलवरचं किमान तापमान दाखवतात आणि म्हणतात, आजोबा, थंडी पंधरा दिवसांपूर्वीच गेली. दोघांची जुंपते आणि चहा थंड होतो.

मला या भांडणात एक साधा प्रश्न विचारायचा आहे. होळी जळाली म्हणता, पण कोणत्या सालची? गेल्या काही वर्षांतल्या होळीच्या तारखा खाली देतो, नीट बघा.

२०१८ : १ मार्च
२०१९ : २० मार्च
२०२० : ९ मार्च
२०२१ : २८ मार्च
२०२२ : १७ मार्च
२०२३ : ६ मार्च
२०२४ : २४ मार्च
२०२५ : १३ मार्च

१ मार्च आणि २८ मार्च यांत २७ दिवसांचं अंतर आहे. गहू करणाऱ्याला २७ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. एवढ्या दिवसांत चिकात असलेला दाणा पिकून कापणीला येतो. मग जुन्यांना हे दिसत नव्हतं का? पिढ्यान् पिढ्या शेतात राबलेल्या माणसांनी महिनाभर मागंपुढं होणाऱ्या सणाला थंडी का बांधली असेल? गेली काही वर्षं मी मिळेल ते वाचतोय, जाणत्यांना विचारतोय, वहीत टिपणं करतोय. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो.

आधी ऋतूंची मोजणी

शाळेत आपण सहा ऋतू पाठ केले. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. वेदांत याच वसंताच्या दोन महिन्यांना मधु आणि माधव अशी नावं आहेत. पण आमच्या बार्शी भागात चैत्र-वैशाखात बाहेर पडून बघा. पारा चाळिशीच्या आसपास, वावरात भेगा, बैल झाडाखाली. याला वसंत म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या घरात बोलताना 'वसंत' हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडं म्हणतात "शिमग्याचे दिवस", "सुगीचे दिवस", नाहीतर नुसतं "ऊन लागाय लागलं".

शेतकऱ्याचे ऋतू तीनच. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. प्रत्येकी चार महिन्यांचे. आता हे चार-चार महिने पौर्णिमेवर मोजून बघा. आषाढी पौर्णिमा ते कार्तिकी पौर्णिमा पावसाळा. कार्तिकी ते फाल्गुनी पौर्णिमा हिवाळा. फाल्गुनी ते आषाढी पौर्णिमा उन्हाळा. हिवाळ्याचा शेवटचा दिवस कोणता आला? फाल्गुनी पौर्णिमा. म्हणजे होळी!

ही मोजणी फार जुनी आहे. वैदिक काळात चातुर्मास्य नावाचे यज्ञ असत. वर्षाच्या तीन सांध्यांवर ते होत. फाल्गुनी पौर्णिमेला वैश्वदेव, आषाढी पौर्णिमेला वरुणप्रघास आणि कार्तिकी पौर्णिमेला साकमेध. काही ठिकाणी फाल्गुनीऐवजी चैत्री पौर्णिमाही धरत, म्हणजे महिन्याची सवलत तेव्हाही होतीच. आपली होळी त्या यज्ञातूनच आली असं मी म्हणत नाही. पण वर्षाचे तीन तुकडे करायचे आणि हिवाळ्याची गाठ फाल्गुनी पौर्णिमेला सोडायची, हा हिशोब आपल्या मातीत मुरलेला आहे.

म्हणून "होळी जळाली, थंडी पळाली" हे वाक्य मी हवामानाचा अंदाज म्हणून वाचत नाही. ते खातं बंद केल्यासारखं आहे. हिवाळ्याचे चार महिने भरले, आता पुढचं पान. आमच्याकडं धुळवडीच्या सकाळी होळीच्या निखाऱ्यावर पाणी तापवायचं आणि त्यानं आंघोळ करायची. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, हे शेवटचं कढत पाणी. उद्यापासून गार पाण्यानं. तेही खातं बंद करणंच.

सणही जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावानं ओळखली जाणारी गाथासप्तशती माहीत असेल. आपल्या पैठणच्या राजांच्या काळाशी जोडलेला, महाराष्ट्री प्राकृतातला हा गाथासंग्रह. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला. त्यात फाल्गुनातल्या सणाला 'फग्गुच्छण' असा शब्द आहे आणि त्या सणात अंगाला चिखल फासल्याचा उल्लेख आहे. 'छण' म्हणजे क्षण, उत्सव. त्याचाच पुढं आपला 'सण' झाला. धुळवडीला रंगाच्या आधी धूळ आणि चिखल होता हे नावातच दिसतं. रान मोकळं झालेलं, सुगी हाताशी आलेली, अशा वेळी माणूस मातीतच लोळणार.

थंडी एका दिवसात जात नाही, हे म्हणींनाही माहीत होतं

आता दुसरी गोष्ट. थंडीवर म्हण काही एकच नाही. ओळीनं लावून बघा.

संक्रांतीला म्हणतात, आता दिवस तिळातिळानं मोठा होणार. रथसप्तमीला अंगणात गोवरीवर दूध उतू घालतात आणि म्हणतात, आजपासून सूर्याच्या रथाचं तोंड फिरलं, ऊन चढणार. महाशिवरात्रीला म्हणतात, थंडी 'शिव शिव' करत गेली. आणि शेवटी होळीला थंडी पळाली.

पौषापासून फाल्गुनापर्यंत ही उतरती पायरी आहे. एकाच थंडीला चार वेळा निरोप दिलाय! ज्यांना एका दिवसात ऋतू पालटतो असं वाटत होतं, त्यांनी चार म्हणी कशाला केल्या असत्या? "शिमगा गेला तरी कवित्व उरतं" म्हणतात, तसं थंडीचंही कवित्व उरतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यातली संक्रांतीची म्हण मला फार आवडते, कारण ती खगोलाच्या कसोटीला वेगळ्याच बाजूनं उतरते. पुस्तकी हिशोबानं दिवस मोठा व्हायला सुरुवात होते २१-२२ डिसेंबरनंतर. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. म्हणजे तीन आठवडे उशिरा. कोणे एके काळी, साधारण सतराशे वर्षांपूर्वी, उत्तरायण आणि मकरसंक्रांत जवळजवळ एकाच वेळी येत होती. पण आपली संक्रांत ताऱ्यांवर मोजलेली. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळं साधारण ७२ वर्षांत एक दिवस या गतीनं ती पुढं सरकत गेली. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आज ती १४-१५ वर आहे. (यातला एक दिवस इंग्रजी कॅलेंडरनं १९०० साली लीप वर्ष न धरल्याचा आहे.)

मग म्हण खोटी ठरली का? शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. आपल्या अक्षांशावर डिसेंबर संपला तरी सूर्य उगवायला उशीरच होत जातो. मावळणं लांबत असतं, पण पहाट काही लवकर होत नाही. ती उलटते जानेवारीच्या मध्यानंतर. पहाटे मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसाला "दिवस वाढला" हे कळतं ते संक्रांतीच्या आसपासच. म्हण ज्या कारणानं सुरू झाली ते कारण सरकलं, पण डोळ्यांना दिसणारी खूण तिथंच सापडते.

चंद्राचं घड्याळ, सूर्याचं घड्याळ

आता होळी का हलते ते बघू. आपले महिने चंद्राचे. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरसाल ११ दिवसांची तूट पडते. म्हणून होळी एका वर्षी २८ मार्चला, पुढच्या वर्षी १७ ला, त्याच्या पुढच्या वर्षी ६ ला. अशी मागं मागं येते. साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून ती तूट भरली जाते आणि होळी एकदम १८-१९ दिवस पुढं उडी मारते. वरच्या यादीत २०१८, २०२० आणि २०२३ च्या अधिक महिन्यांनंतरच्या उड्या दिसतील. यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतो. जावयाची चंगळ!

शेतीच्या मोठ्या कामाला मात्र जुन्यांनी चंद्र धरलाच नाही. पेरणी कशावर? रोहिणी, मृग, आर्द्रा. ही सूर्याची नक्षत्रं. सूर्य मृगात शिरतो ७ किंवा ८ जूनला. दरसाल तेच. आज्याच्या काळापासून नातवाच्या काळापर्यंत जेमतेम एका दिवसाचा फरक. सण चंद्रावर, पेरणी सूर्यावर, अशी ही वाटणी आहे. "मृग निघाला" म्हणणारा आणि "होळी जळाली" म्हणणारा माणूस एकच होता, पण दोन वेगळी घड्याळं बघत होता.

या दोन घड्याळांची सांगड कशी घातली होती ते बघायचं असेल तर आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात बघा. वसंत पंचमीला, म्हणजे माघ शुद्ध पंचमीला, विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो. तिथून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर रंग उधळतात. हा झाला देवाचा वसंत, दीड महिन्याचा. पुढं पाडव्यापासून उन्हाळ्याची चंदनउटी पूजा सुरू होते. देवाला गारवा मिळावा म्हणून अंगाला चंदन लावायचं. ही पूजा संपते कधी? मृग नक्षत्र लागल्यावर.

म्हणजे सुरुवात चंद्राच्या तिथीवर आणि शेवट सूर्याच्या नक्षत्रावर. हिशोब करून बघा. २०१८ ला पाडवा १८ मार्चला होता, तिथून ७ जूनपर्यंत ८१ दिवस. २०२१ ला पाडवा १३ एप्रिलला, तिथून ५५ दिवस. पाडवा मागंपुढं झाला तरी उटी थांबते पावसाच्या तोंडावरच. चंद्रानं केलेली घालमेल मधल्या दिवसांनी पोटात घेतली.

याच्या उलट तिळगूळ. सुरुवात संक्रांतीला, म्हणजे सूर्यावर. शेवट रथसप्तमीला, म्हणजे तिथीवर. २०१८ ला रथसप्तमी २४ जानेवारीला आली, बायकांना हळदीकुंकवाला दहा दिवस मिळाले. २०२४ ला ती १६ फेब्रुवारीला, तर महिनाभर मिळाला.

चैत्रगौरीचंही तसंच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत, पुरा महिना. या महिन्यात कधीही हळदीकुंकू करायचं, आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं द्यायचं. एकच दिवस का नेमला नाही? कारण कैरी काही तिथी बघून लागत नाही. पाडवा लवकर आला तर कैरी बारकी असते, उशिरा आला तर हाताला येते. महिनाभराची मुदत दिली की कुणाच्या ना कुणाच्या झाडाला कैरी मिळतेच.

मला जे म्हणायचंय ते हेच. जिथं रानातली वस्तू लागते, जिथं ऊन-गारव्याचा संबंध येतो, तिथं जुन्यांनी एका दिवसाची गाठ मारली नाही. सैल गाठ मारली. दहा दिवसांची, महिन्याची, दोन महिन्यांची.

कोकणात आणि सातपुड्यातही हेच दिसतं. रत्नागिरीकडं काही गावांचा शिमगा त्रयोदशीचा, म्हणजे तेरसेचा, तर काहींचा पौर्णिमेचा. पालख्या पुढं कितीतरी दिवस फिरत असतात. नंदुरबारच्या सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी मोठी, पण आजूबाजूच्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, आणि त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. एकाच डोंगरात ऋतू बदलल्याचा सण दिवसेंदिवस चालतो.

जिथं गाठ घट्ट होती, तिथं कुणाला काचली

मात्र एका ठिकाणी गाठ घट्ट होती. सालगड्याच्या बोलीत.

आमच्या भागात सालगड्याचं साल पाडव्याला फिरायचं. खानदेशात ते आखाजीला फिरतं. पाडव्याला एकीकडं गुढी उभी राहायची, कडुलिंबाचा पाला, गूळ, हिंग, मिरं, ओवा वाटून सगळ्यांना दिला जायचा, जोशी पंचांग वाचून सालचं फळ सांगायचे. आणि दुसरीकडं सालगड्याचा हिशोब व्हायचा. किती धान्य, किती रोकड, कपडे, वहाणा, घोंगडं. उचल किती फिटली, किती उरली. उरली असेल तर पुन्हा त्याच दारात. आपण पाडव्याला नववर्ष म्हणतो, पण कितीतरी घरांत त्या दिवशी बाप सुटणार का अडकणार हे ठरायचं.

माझे आजोबा सालगडी होते. कुणाकडं होते ते इथं लिहीत नाही, त्याला आता अर्थ नाही. ते एक गोष्ट सांगायचे. साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पण ज्या साली धोंड्याचा महिना यायचा, त्या साली हे साल तेरा महिन्यांचं व्हायचं. बोली मात्र एका सालाची. "जावयाला धोंड्याचं वाण, आन् आमच्या पाठीवर धोंडा," असं ते म्हणायचे.

आजच्या तारखांवर मोजून बघा. २०२३ चा पाडवा २२ मार्चला, २०२४ चा ९ एप्रिलला. मधे ३८४ दिवस. त्याच्या पुढचा पाडवा ३० मार्च २०२५ ला, मधे ३५५ दिवस. एका सालात आणि दुसऱ्या सालात २९ दिवसांचा फरक. शहाणे गडी बोली करतानाच धोंड्याच्या महिन्याचं वेगळं बोलून घ्यायचे. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुढचा धोंडा कोणत्या साली हे ते जोशांच्या आधी सांगत. ज्याच्या पाठीवर पडायचा त्याला ध्यानात ठेवावाच लागला. पंचांगाचं ज्ञान फक्त पोथीवाल्यांकडं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

गाठ कधी आवळली

कॅलेंडर सुधारण्याचे प्रयत्नही झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मराठीत लिहिलेला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९३ ला, लोकमान्य टिळकांचं 'ओरायन' आलं. वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखी होते तो मार्चमधला बिंदू, एके काळी मृग नक्षत्रात होता असं त्यांनी त्यात मांडलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ ला डॉ. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा देशात तीसच्या आसपास वेगवेगळी पंचांगं चालू होती. समितीनं वर्ष थेट ऋतूला बांधलं आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा १ चैत्र दरसाल २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. तो हलत नाही. २०२३ ला आपला पाडवा आणि हा सरकारी चैत्र एकाच दिवशी आले होते. पण राजपत्र आणि आकाशवाणी सोडली तर गावानं ती दिनदर्शिका घेतली नाही.

गावानं घेतलं ते भिंतीवरचं कॅलेंडर. १९७३ ला कालनिर्णय निघालं आणि घराघरांत तिथी, सण, नक्षत्र एका चौकोनात दिसायला लागलं. सोय मोठी झाली, नाव ठेवायला जागा नाही. पण एक गोष्ट हळूच बदलली. आधी जोशी सांगायचे, "यंदा धोंडा आहे, सण लांबलेत." म्हणजे तिथीबरोबर तिची सैलताही सांगितली जायची. चौकोनात फक्त दिवस उरला. होळी अमुक तारखेला, म्हणजे थंडी अमुक तारखेला गेली पाहिजे, असा अर्थ आपण काढायला लागलो. म्हण तीच, पण गाठ आवळली गेली.

तिसरं घड्याळ

चंद्र आणि सूर्य सोडून जुन्यांकडं तिसरं घड्याळ होतं. झाडाचं.

पळस फुलला का? पांगारा, सावर लाल झाली का? आंब्याचा मोहर किती आणि कोणत्या अंगानं? कडुलिंबाची पानगळ होऊन तांबूस पालवी आली का? कोकीळ बोलायला लागला का? ही झाडं आणि पाखरं कॅलेंडर बघत नाहीत. रंगपंचमीला पळसाची फुलं उकळून रंग करायचे, म्हणजे सणालाही झाडाची साक्ष लागायचीच. मी वहीत पळसाच्या पहिल्या फुलाची तारीख टिपतो. बांधावरचं एकच झाड, दरसाल तेच. कधी ते जानेवारीच्या शेवटी बोलतं, कधी फेब्रुवारी अर्धा झाल्यावर. होळीच्या तारखेशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आणि आता या तिसऱ्या घड्याळाची गरज जास्त आहे. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात तापलेला मार्च ठरला. त्या साली होळी १७ मार्चला होती. उत्तरेकडं गव्हाचा दाणा भरायच्या ऐन वेळी ऊन चढलं, दाणा बारीक राहिला, आणि १३ मे २०२२ ला केंद्रानं गव्हाची निर्यात बंद केली. पुढच्याच साली, २०२३ ला, फेब्रुवारीच्या सरासरी कमाल तापमानानं उच्चांक गाठला. होळी ६ मार्चला जळाली, त्याच्या आधीच थंडी पसार. आणि मग त्याच मार्चमध्ये आपल्या राज्यात अवकाळी आणि गारपीट.

गव्हाचा दाणा भरताना हवा २५ अंशांच्या आसपास लागते. विद्यापीठाची शिफारस बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा अशी आहे, आणि पुढं प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलपर्यंत घट येते असं सांगतात. ही गणितं सूर्याची आणि थर्मामीटरची आहेत. "यंदा होळी लांब आहे, थंडी राहील" म्हणून डिसेंबरात गहू टाकणारे आजही भेटतात. होळी लांबते ती धोंड्यामुळं. धोंड्यामुळं थंडी लांबत नाही. एवढं वाक्य जरी या लेखातून कुणाच्या ध्यानात राहिलं तरी पुष्कळ झालं.

पण कृषी शिकलेल्या आपल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. म्हणीला हसून सोडू नका. ती कोणत्या घड्याळावरची आहे ते आधी विचारा. मृगाची म्हण सूर्यावरची, ती तारखेशी जुळवून बघता येईल. होळीची म्हण हिशोबाची, तिला तापमानाच्या आलेखावर ताणू नका. पळसाची, मोहराची, कोकिळेची खूण झाडावरची, तिच्यात त्या सालच्या हवेची खरी बातमी असते. गावात अशा खुणा पाठ असलेली दोन-चार माणसं अजून आहेत. ती आहेत तोवर बसून लिहून घ्या.

मी करतो ते सांगतो. वहीत एका पानावर पाच रकाने. पळसाचं पहिलं फूल. आंब्याचा मोहर दिसला तो दिवस. कोकिळेची पहिली हाक. पहाटे पहिल्यांदा घोंगडं नको वाटलं तो दिवस. आणि गव्हाची लोंबी बाहेर पडली तो दिवस. शेजारी त्या दिवसाचं किमान-कमाल तापमान. खर्च शून्य. पाच-सात वर्षं लिहिलं की तुमच्या बांधाचं स्वतःचं पंचांग तयार होतं, आणि ते पुण्या-मुंबईच्या नाही, तुमच्या रानाच्या हवेवर चालतं.

होळी मात्र जोरात करा. पोळी करा, पोरांना धुळवड खेळू द्या, सकाळी निखाऱ्यावर पाणी तापवा. हिवाळ्याचं खातं बंद करायला तो दिवस चांगलाच आहे. पाण्याच्या पाळीचा निर्णय तेवढा लोंबीकडं बघून घ्या.

तुमच्या भागात थंडी जाण्याची, ऊन लागण्याची, पालवी फुटण्याची कोणती म्हण आहे ती गाव-तालुक्यासह कळवा. धोंड्याच्या महिन्याची बोली तुमच्याकडं कशी करायचे हेही घरच्या म्हाताऱ्यांना विचारून सांगा. पुढच्या वेळी पावसाच्या नक्षत्रांच्या वाहनांवर लिहीन. बेडूक, हत्ती, गाढव, सगळ्यांचा हिशोब घेऊ.

राम राम.